माहिती फुटली, हप्ता चालूच

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या एका अडत दुकानात मी हिशेब बघते. सौदा झाला की शेतकऱ्याची पट्टी, म्हणजे मालाच्या हिशेबाचा कागद, करायची, हमाली-तोलाई वजा करायची आणि उरलेली रक्कम त्याच्या खात्यावर वर्ग करायची, हे रोजचं काम. गेल्या पावसाळ्यात माझ्या स्कूटरच्या कर्जाच्या कंपनीकडून एक मेल आला. इंग्रजीत होता. त्यातला मजकूर थोडक्यात असा: आमच्या यंत्रणेत अनधिकृत प्रवेश झाल्याचं आढळलं आहे, काही ग्राहकांची मर्यादित माहिती बाहेर गेली असण्याची शक्यता आहे, तुमचे पैसे सुरक्षित आहेत, पासवर्ड बदला, ओटीपी कुणाला सांगू नका. खाली ग्राहकसेवेचा नेहमीचाच नंबर, ज्यावर एक दाबा, दोन दाबा करत संगीत ऐकत बसावं लागतं.

प्रकार घडला कधी, ते नाही. कंपनीला कळलं कधी, ते नाही. माझं नेमकं काय गेलं, तेही नाही. मर्यादित म्हणजे किती? आम्ही पट्टीवर 'काही पोती, मर्यादित वजन' असं लिहिलं, तर शेतकरी दुकानाच्या पायरीवरनं हलणार नाही. आणि गंमत म्हणजे ही बातमी मोबाइलवर आधीच फिरून झाली होती. कंपनीला पत्र लिहायची आठवण नंतर झाली.

पासवर्ड बदलायचा सल्ला वाचून मला खरोखर हसू आलं. त्या कंपनीच्या ॲपचा पासवर्ड कुणाला मिळाला असता तर त्यानं काय केलं असतं, माझा हप्ता भरला असता? कर्ज घेताना आपण देतो काय ते आठवा. पॅन, आधारची प्रत, रद्द केलेला चेक, पगाराचं पत्र, जन्मतारीख, घरचा पत्ता, शिवाय ओळखीच्या दोन माणसांचे नंबर. यातलं काहीच बदलून मिळत नाही.

कार्डाचं तसं नसतं. २०१६ साली देशातल्या सुमारे ३२ लाख डेबिट कार्डांची माहिती फुटल्याचं उघड झालं होतं. एटीएमची यंत्रणा चालवणाऱ्या हिताची पेमेंट सर्व्हिसेसच्या संगणकांत मालवेअर शिरलं होतं, हे पुढच्या वर्षी कंपनीनंही मान्य केलं. स्टेट बँकेनं तेव्हा सहा लाखांच्या आसपास कार्डं सरळ बंद केली आणि नवीन दिली. लोक वैतागले, पण जुना नंबर त्या दिवशी मेला. ऑक्टोबर २०२२ पासून तर खरेदीच्या साइटना आपला कार्ड नंबर साठवूनच ठेवता येत नाही, त्याच्या जागी टोकन, म्हणजे त्या साइटपुरता बदली क्रमांक, असतो. परदेशी आणि ऑनलाइन व्यवहार कार्डावर बंद-चालू करायचं बटण आपल्या हातात आहे. थोडक्यात, कार्डाच्या बाजूनं बंदोबस्त बऱ्यापैकी झालाय. कर्जाच्या फाइलीतल्या कागदांचं मात्र काय करायचं ते कुणालाच सांगता येत नाही.

यार्डात त्याच कंपनीचं कर्ज असलेले बरेच निघाले. शेजारच्या दुकानातल्या दिवाणजींनी घाबरून बँकेतलं खातंच बंद करायचं ठरवलं होतं. मग त्यांच्या लक्षात आलं की पगार, विमा, गॅसचं अनुदान सगळं त्याच खात्यावर येतं. आमच्या दुकानातला एक हमाल म्हणाला, "ताई, माझ्या खात्यात हाय काय? नेलंच कुणी तर हप्ता बी त्यानंच भरावा की." बँकेत गेले तर एटीएमचा पिन बदलायला रांग. काउंटरवरचे साहेब मला हळूच म्हणाले, "मॅडम, ह्यात पिनचा काही संबंध नाही, पण कुणाकुणाला सांगणार?" माणसाला काहीतरी केल्यासारखं वाटायला हवं असतं, आणि कंपनीनं दिलेल्या यादीत तेवढंच होतं.

मी आधी बँकेतच अर्ज दिला. माझ्या खात्यावर आत्ता कुठकुठले मॅन्डेट चालू आहेत, म्हणजे कोण कोण परस्पर पैसे वळते करून घेऊ शकतं, त्याची यादी द्या. ही यादी मागता येते हे पुष्कळांना ठाऊक नसतं. नेट बँकिंगमध्येही दिसते, पण मला शिक्का असलेला कागद हवा होता. स्कूटरचा हप्ता आणि विमा, एवढेच निघाले. बरं वाटलं.

मग आधारचे बायोमेट्रिक्स लॉक केले. आधार क्रमांक, बँकेचं नाव आणि बोटाचा ठसा एवढ्यावर छोट्या केंद्रातून पैसे काढता येतात. काही राज्यांत जमिनीच्या दस्तांवरचे ठसे उचलून ते सिलिकॉनवर उतरवल्याची आणि त्यावर लोकांचे पैसे काढल्याची प्रकरणं पकडली गेली आहेत. माझ्या आधारची प्रत बाहेर गेली असेल तर अर्धं काम झालेलंच आहे, असं धरून चाललेलं बरं. एमआधार ॲपवर काम पाच मिनिटांचं आहे. पण पुढच्या महिन्यात रेशन दुकानात गेले आणि माझा अंगठा उठेना. दुकानदार मशीन पुसतोय, मी अंगठा पदराला पुसतेय, मागची रांग कुरकुरतेय. मग डोक्यात प्रकाश पडला. थोड्या वेळापुरतं लॉक उघडता येतं, ते केलं आणि तांदूळ-गहू मिळाले. घरात म्हातारी माणसं अंगठ्यावर रेशन किंवा पेन्शन उचलत असतील तर लॉक करताना त्यांना ते उघडायला शिकवावं लागतं, नाहीतर घरी भांडण ठरलेलं.

आता कंपनी. आपली तक्रार ग्राहकसेवेच्या नंबरवर सांगितली की ती हवेत जाते. अशा प्रत्येक कंपनीला तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव आणि मेल वेबसाइटवर द्यावंच लागतं. ते शोधायला पानाच्या तळाशी, अगदी बारीक अक्षरांपर्यंत उतरावं लागलं, पण सापडलं. मी मेल केला आणि तोच मजकूर रजिस्टर एडीनं पाठवला. विचारलं एवढंच: माझ्या नावापुढची कुठली कुठली माहिती बाहेर गेली, ती एकेक करून लिहा. प्रवेश झाला कधी आणि तुम्हाला कळलं कधी, त्या दोन तारखा द्या. केवायसीच्या प्रती गेल्या का, हो किंवा नाही. आणि माझी माहिती तुम्ही आणखी कुठल्या वसुली एजन्सीला किंवा विमा कंपनीला दिलेली आहे.

पहिलं उत्तर तयार साच्यातलं आलं, वर आभार, खाली आभार, मध्ये पुन्हा तेच 'मर्यादित माहिती'. दुसऱ्या दिवशी तक्रार निकाली काढल्याचा मेसेज, आणि सेवा कशी वाटली त्याचे तारे द्या. मी लिहिलं की तक्रार माझी आहे, ती निकाली निघाली की नाही ते मी सांगेन. पुन्हा साचा. मग मात्र शेवटी एक वाक्य वाढवलं, की पहिल्या पत्राला ३० दिवस झाले की मी हे सगळं रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे पाठवणार आहे. त्यानंतर पहिल्यांदा एका जिवंत माणसाचा फोन आला. आवाज अगदी गोड. "मॅडम, मी सगळं फोनवर सांगतो ना, लिहायची काय गरज आहे?" म्हटलं, तुम्ही सांगताय तेच चार ओळींत मेल करा. तो म्हणे, लेखी द्यायचं तर लीगलकडून मंजुरी घ्यावी लागते. म्हटलं, घ्या.

कंपन्या तारखेला एवढ्या का बिचकतात, ते हळूहळू कळत गेलं. एप्रिल २०२२ मध्ये सर्ट-इन या सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेनं आदेश काढलेत, त्याप्रमाणे असा प्रकार लक्षात आल्यापासून सहा तासांत त्यांना कळवावं लागतं. म्हणजे 'कळलं कधी' हे एकदा कागदावर आलं की 'कळवलं कधी' हा प्रश्न उभा राहतो. सरकारला सहा तास, पण ग्राहकाला? डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा २०२३ साली झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले. त्यात ग्राहकाला विनाविलंब, साध्या भाषेत कळवायचं, काय घडलं, त्याचे परिणाम काय, आम्ही काय करतोय, तुम्ही काय करावं, असं सगळं घातलेलं आहे. पण ही कलमं लागू होणार नियम निघाल्यापासून अठरा महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये. माहिती नीट सांभाळली नाही तर दंड २५० कोटींपर्यंत. ऐकायला छान वाटतं. तो दंड सरकारच्या संचित निधीत जमा होतो, ज्याची माहिती गेली त्याला त्यातला रुपयाही मिळत नाही. मी हे आमच्या शेठना सांगितलं तर ते म्हणाले, "म्हणजे म्हैस आपली मेली आणि विम्याचे पैसे ग्रामपंचायतीला." मला ह्याच्याहून नेमकं सांगता आलं नसतं.

परदेशात सगळं फार शिस्तीत होतं असं समजायचं कारण नाही. अमेरिकेत २०१७ साली इक्विफॅक्स या लोकांच्या कर्जांची नोंद ठेवणाऱ्या कंपनीतून जवळजवळ १४.७ कोटी लोकांची माहिती गेली. कंपनीच्या लक्षात आलं जुलैच्या अखेरीस, जाहीर केलं ७ सप्टेंबरला. त्यावर कडी म्हणजे, घाबरलेल्या ग्राहकांना उत्तरं देताना कंपनीच्याच ट्विटर खात्यावरून चुकून एका नकली साइटचा पत्ता दिला जात होता. नशीब, ती साइट धडा शिकवण्यासाठी एका भल्या माणसानं काढलेली होती. २०१९ मध्ये ७० कोटी डॉलरपर्यंतची तडजोड झाली. लोकांना १२५ डॉलर रोख मिळतील असं सांगितलं होतं, पण अर्जांचा इतका पाऊस पडला की सरकारी यंत्रणेनंच सांगितलं, रोख फारशी हाती येणार नाही, त्यापेक्षा मोफत क्रेडिट देखरेख घ्या. माझ्या कंपनीनंही शेवटी तेच देऊ केलं, वर्षभर मोफत क्रेडिट स्कोअर. त्यासाठी नव्या ॲपवर पॅन आणि जन्मतारीख भरायची होती. मी ते घेतलं नाही.

घ्यायची गरजही नाही. आपल्याकडे सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क अशा कर्जांची नोंद ठेवणाऱ्या चार संस्था आहेत, आणि प्रत्येकीनं वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट द्यायचा असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. (हो, तीच इक्विफॅक्स. इथं कर्ज घ्यायचं तर तिच्या दप्तरात नाव असणं चुकत नाही.) मी तो मागवायच्या आधीच एक मेसेज आला, तुमचा क्रेडिट अहवाल अमुक संस्थेनं पाहिला आहे. असा मेसेज पाठवणं आता सक्तीचं आहे. मी कुठंही कर्ज मागितलेलं नव्हतं. अहवाल उतरवून घेतला तर त्यात नाव कधी न ऐकलेल्या एका कंपनीचं नऊ हजारांचं कर्ज माझ्या नावावर. पॅन माझा, जन्मतारीख माझी, मोबाइल नंबर भलताच.

इथं एक गोष्ट समजून घ्यावी लागली. अहवाल ठेवणारी संस्था स्वतःहून काही खोडत नाही. आपण हरकत घेतली की ती कर्ज देणाऱ्याला विचारते, आणि तो 'बरोबर आहे' म्हणाला की नोंद तशीच राहते. म्हणून हरकत दोन्हीकडे घ्यायची. मी सायबर गुन्ह्यांच्या राष्ट्रीय पोर्टलवर तक्रार नोंदवून पोच काढली, ती जोडली, आणि कर्ज देणाऱ्याला एकच प्रश्न विचारला: पैसे कुठल्या खात्यात दिले? डिजिटल कर्जाची रक्कम थेट कर्जदाराच्याच बँक खात्यात गेली पाहिजे, हा रिझर्व्ह बँकेचा २०२२ पासूनचा नियम आहे. माझ्या नावावर कर्ज आहे तर माझ्या खात्यात ते आलेलं दिसायला हवं. माझ्या दोन्ही खात्यांची पासबुकं मी भरून घेतलेली, त्यात ही रक्कम नाही. मग तुम्ही दिलीत कुणाला?

त्यांच्याकडून या प्रश्नाचं उत्तर आजतागायत आलेलं नाही. वसुलीचे फोन मात्र काही दिवस आले. एकानं "घरी येऊ का?" असं विचारलं. म्हटलं या, येताना खात्याचा नंबर तेवढा घेऊन या. पुढं फोन थांबले आणि नोंद अहवालातून गेली. हरकतीचा निकाल ३० दिवसांत लागला नाही तर दिवसाला १०० रुपये भरपाई, हा नियम २०२४ पासून आहे. इथं मुदत टळलेली होती, म्हणून मी तीही मागितली. किरकोळ रक्कम होती, पण जमा झाली, आणि बँकेच्या स्टेटमेंटवर त्या कंपनीचं नाव देणाऱ्याच्या रकान्यात बघून फार बरं वाटलं.

माझं एवढ्यावर निभावलं. दाजींचं नाही.

दाजी कवठे एकंदला असतात. द्राक्षबाग आहे, ट्रॅक्टर त्याच कंपनीच्या कर्जावर घेतलेला. एका दुपारी त्यांना फोन आला. समोरच्यानं कर्ज क्रमांक सांगितला, हप्त्याची रक्कम रुपयापर्यंत सांगितली, खात्याचे शेवटचे चार आकडे सांगितले. तुमचा हप्ता दोनदा कापला गेलाय, परतावा द्यायचाय, कंपनीतला माहिती फुटल्याचा घोळ आहे ना, त्यामुळे झालं. म्हणजे चोरीचीच बातमी चोरानं ओळखपत्रासारखी वापरली. व्हॉट्सॲपवर एक फाइल आली, परताव्याचं ॲप म्हणून. ते मोबाइलमध्ये बसलं आणि आलेले मेसेज परस्पर वाचायला लागलं. दाजींनी ओटीपी तोंडानं कुणालाही सांगितला नाही. तरी ६२ हजार गेले.

भाचा घरी होता म्हणून वाचलं थोडं. त्यानं आधी मोबाइलचं नेट बंद केलं आणि दुसऱ्या फोनवरून १९३० हा सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा सरकारी नंबर लावला. मग बँकेला कळवून खातं गोठवलं. १९३० वर व्यवहाराचा क्रमांक, वेळ आणि रक्कम सांगितली की पैसा पुढं ज्या ज्या खात्यात गेला असेल तिथं रोखून धरायचा प्रयत्न होतो. जितका उशीर, तितकी खाती वाढत जातात. ४१ हजार परराज्यातल्या एका खात्यात अडकवता आले, उरलेले तोवर एटीएममधून निघून गेले होते. अडकलेले पैसे आपोआप परत येत नाहीत, हेही सांगायला हवं. दाजींच्या वेळी त्याला न्यायालयाचा आदेश लागला. दाजींना लोक अदालतीत तो मिळाला, पण तोवर द्राक्षाची छाटणी उधारीवर झाली.

बँकेचं म्हणणं, चूक तुमची, ॲप तुम्हीच घेतलंत. रिझर्व्ह बँकेचं जुलै २०१७ चं परिपत्रक मी दाजींना छापून दिलं. त्यात असं आहे: चूक बँकेचीही नाही आणि ग्राहकाचीही नाही, यंत्रणेत तिसरीकडेच कुठंतरी आहे, आणि व्यवहाराचा संदेश मिळाल्यापासून कामकाजाच्या तीन दिवसांत ग्राहकानं कळवलं, तर त्याला तोशीस नाही. चार ते सात दिवस लावले तर साध्या बचत खात्यावर जास्तीत जास्त १० हजारांपर्यंत भुर्दंड. ग्राहकाच्या हलगर्जीपणामुळे पैसे गेले असतील तर कळवेपर्यंतचं नुकसान त्याचं. पण हलगर्जीपणा होता हे सिद्ध करायची जबाबदारी बँकेची आहे, ग्राहकाची नाही. ही शेवटची ओळ मी पिवळ्या पेननं रंगवून दिली. बँक मॅनेजरनी ती वाचली, चष्मा काढला, पुन्हा वाचली आणि म्हणाले, "वर पाठवतो."

कंपनीनं तर हातच झटकले. आमच्याकडून गेलेल्या माहितीचा आणि या फसवणुकीचा संबंध सिद्ध होत नाही, असं लिहून आलं. इथं मला दाजींच्या जुन्या कागदांची आठवण झाली. कर्ज घेताना कंपनीच्या पोरानं यादीतून गाव निवडताना कवठे एकंदऐवजी कवठे महांकाळ निवडलेलं. दाजी तेव्हापासून चिडायचे, कारण नोटिसा महांकाळला जाऊन परत यायच्या. आधारवर एकंद, बँकेत एकंद, सातबाऱ्यावर एकंद, रेशनकार्डावर एकंद. जगात दाजी महांकाळचे होते फक्त त्या कंपनीच्या संगणकात. आणि फसवणाऱ्यानं व्हॉट्सॲपवर परताव्याचं जे पत्र पाठवलेलं, त्यावर पत्ता होता मुक्काम पोस्ट कवठे महांकाळ.

हे पत्र, कंपनीचा करार आणि आधारची प्रत, तिन्ही शेजारी शेजारी ठेवून आम्ही पाठवलं. संबंध सिद्ध होत नाही हे वाक्य त्यानंतरच्या एकाही मेलमध्ये आलं नाही. चूक मान्य केल्याचं वाक्यही आलं नाही.

त्यातच, खातं गोठलेलं असल्यामुळे त्या महिन्याचा ट्रॅक्टरचा हप्ता परत गेला. कंपनीनं ५९० रुपये दंड लावला, पाचशे आणि वर जीएसटी. मेसेजमध्ये म्हटलं होतं की वेळेवर हप्ता भरून आपला क्रेडिट स्कोअर जपा. दाजी चार दिवस काही बोलले नव्हते, ते हा मेसेज वाचून जे बोलले ते इथं लिहिता येत नाही. तो दंड पुढं 'सदिच्छा म्हणून' माफ झाला, पण त्यासाठीही पत्र द्यावं लागलं आणि पत्रात लोकपालाचं नाव घालावं लागलं. उरलेल्या २१ हजारांचं प्रकरण बँकेच्या विरोधात लोकपालाकडे आहे.

माझ्या चार प्रश्नांची उत्तरं अखेर आली. यादीत नाव, मोबाइल, पत्ता, पॅन, खाते क्रमांक, कर्ज क्रमांक, हप्ता आणि 'अपलोड केलेली कागदपत्रं' होती. तारखाही होत्या. कळल्यापासून मला मेल येईपर्यंत मधे एक अख्खा हप्ता कापून झाला होता. आणखी कुणाकुणाला माहिती दिलीय, याचं उत्तर 'करारातील अटींनुसार' एवढंच.

दरम्यान माझं लक्ष आमच्या दुकानाकडं गेलं. कंपनीला मी नावं ठेवतेय, आणि आमच्याकडं शेतकऱ्यांच्या पासबुकांचे नि रद्द चेकचे फोटो दुकानाच्या व्हॉट्सॲपवर पडलेले. तो मोबाइल दिवसभर गादीवर असतो, हमालापासून चहावाल्यापर्यंत कुणीही उचलतो. यार्डात बहुतेक ठिकाणी हेच. शेठना म्हटलं की नवा कायदा आपल्यालाही लागू होणार आहे. ते म्हणाले, "आपली पट्टी चोरून कोण काय करणार?" मी त्यांना दाजींच्या फोनची गोष्ट सांगितली. एखाद्या शेतकऱ्याला फोन आला, तुमची हळद इतकी पोती, इतका दर, इतकी पट्टी, पैसे चुकून कमी आले, ही फाइल उघडा, तर तो शंका घेईल का? शेठ बराच वेळ पान चघळत बसले. मग मोबाइलला लॉक आला, खातेनोंदी एका संगणकावर गेल्या, आणि नोंद झाली की फोटो खोडायचे असं ठरलं. जुने चेक मी शेतकऱ्यांना परत देतेय. एकानं विचारलं, "का वं ताई, दुकान बंद करताय काय?"

स्कूटरचं कर्ज मी मुदतीआधीच फेडून टाकलं. बोजा उतरवायचं पत्र घेऊन आरटीओचं काम केलं आणि कंपनीला लिहिलं, आता आपला संबंध संपला, माझी माहिती काढून टाका. उत्तर आलं की मनी लाँडरिंगविरोधी कायद्याप्रमाणे ग्राहकाशी व्यवहार संपल्यावरही पाच वर्षं केवायसी जपून ठेवावी लागते. हे खरं आहे, मी पडताळून पाहिलं. तेव्हा ती आणखी पाच वर्षं तिथंच असणार. निदान नंबर जाहिरातीसाठी वापरू नका आणि एजन्सींकडून काढून घ्या, एवढं मात्र लेखी मान्य करून घेतलं.

दाजींनी पत्ता दुरुस्त करायला नकार दिला होता. म्हणे, चुकीचाय तोच बरा, चोर ओळखू येतो. मी त्यांना समजावलं की उलट आहे. कंपनीत एकंद करून घ्या, म्हणजे इथून पुढं जो महांकाळ म्हणेल त्याच्याकडं जुना, चोरीचा माल आहे हे कळेल. हे त्यांना पटलं आणि दुरुस्ती झाली. परवा पुन्हा फोन आला होता, ट्रॅक्टरच्या विम्याच्या बोनसचा. दाजींनी विचारलं, "माझं गाव कुठलं लिवलंय तुमच्याकडं?" तो म्हणाला, महांकाळ. दाजी म्हणाले, "मग तिथंच जाऊन शोध मला," आणि भाच्याला हाक मारून नंबर संचार साथीवर, म्हणजे फसव्या फोनची तक्रार घेणाऱ्या सरकारी पोर्टलवर, टाकायला सांगितला.